दलाली वीसच रुपये, पण किती वेळा?

प्रश्न: आमचं अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माझ्या नावावरचं डिमॅट खातं सासऱ्यांनी लक्ष्मी रोडच्या एका ब्रोकरकडे काढून दिलं होतं. फोन केला की सौदा होतो, पण ते शेकडा ५० पैसे दलाली घेतात. आता सहा लाखांच्या ठेवीची मुदत संपली आहे. त्यातले तीन लाख दोन वर्षांनी मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीला लागतील. नणंदेचा मुलगा हिंजवडीला आयटीत आहे. तो म्हणतो, "मामी, डिस्काउंट ब्रोकरकडे, म्हणजे कमी दलालीच्या अ‍ॅपवर, खातं काढा, वीस रुपयांत काम होतं. ऑप्शन करा, महिन्याला खर्चापुरते सहज सुटतात. जमलं नाही तर तुमच्या खात्यात मीच सौदे करत जाईन." झिरोधा, ग्रो, अपस्टॉक्स, एंजल वन, धन यांतलं सगळ्यात स्वस्त कोणतं? आणि जुन्या खात्याचं काय करू?
एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत की स्वस्त कोण. शेअर घेऊन ठेवायचे असतील तर तुम्ही नावं दिलेल्या पाचांत वर्षाला फार तर काही शे रुपयांचा फरक पडेल. ऑप्शन (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) करायचे असतील तर पाचही जण एका ऑर्डरला साधारण वीस रुपयेच घेतात. तिथे तुमचा खर्च ब्रोकरवर अवलंबून नाही, तुम्ही दिवसात किती वेळा बटण दाबता त्यावर आहे. म्हणून ही दोन कामं मी वेगवेगळी घेतो.

आधी शेअर. समजा तुम्ही ५० हजारांचे शेअर घेतले आणि दोन वर्षांनी तेवढ्यालाच विकले. शेकडा ५० पैशांनी घेताना २५० आणि विकताना २५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये लक्ष्मी रोडला गेले. झिरोधा आणि धन यांच्याकडे डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन ठेवायच्या सौद्याला, दलालीच नाही. ग्रो, अपस्टॉक्स आणि एंजल वन २० रुपये किंवा सौद्याच्या ०.१ टक्का, यांतलं जे कमी असेल ते घेतात. तुमच्या उदाहरणात दोन्ही वेळचे मिळून जीएसटीसकट ४७ रुपये. बाकीचे खर्च कुठेही गेलात तरी सारखेच: सरकारचा एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) दोन्ही बाजूंना ५०-५० रुपये, घेताना साडेसात रुपये मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचे दर वेळी दीड-दोन रुपये. विकताना डिमॅटमधून शेअर बाहेर जाण्याचे डीपी चार्जेस लागतात. ते झिरोधाकडे एका कंपनीमागे दिवसाला सुमारे १५ रुपये आहेत, इतरांकडे थोडे पुढे-मागे. ही रक्कम ठरलेली असते. एक शेअर विका की शंभर, तेवढीच. त्यामुळे आज पाच, उद्या पाच असं करत विकू नका. विकायचे ते एकाच दिवशी विका.

दर महिन्याला थोडेथोडे घेणार असाल तर मात्र एक गोष्ट बघा. तीन हजारांच्या खरेदीवर ०.१ टक्का म्हणजे तीन रुपये होतात, पण काही ब्रोकरांनी किमान आकार ठेवलेला असतो आणि छोट्या खरेदीला तो जास्त लागतो. अशा माणसाला फुकट डिलिव्हरीवाला ब्रोकर बरा.

वार्षिक देखभालीचा खर्च लोक फार मनावर घेतात. झिरोधा वर्षाला साधारण ३०० रुपये अधिक जीएसटी घेते, काही जण काहीच घेत नाहीत. पण तुमचे एकूण शेअर दहा लाखांच्या आत असतील आणि तुमच्या नावावर देशभरात एकच डिमॅट असेल, तर ते मूलभूत सेवेचं खातं धरलं जातं, म्हणजे बीएसडीए. १ सप्टेंबर २०२४ पासून अशा खात्याला चार लाखांपर्यंत देखभाल शुल्क नाही, चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट पुन्हा वाचा: एकच डिमॅट. लक्ष्मी रोडचं खातं तसंच पडून राहिलं तर ही सवलत मिळणार नाही.

थोडक्यात, नुसते शेअर घेऊन ठेवायचे असतील तर तुमच्यासाठी मी झिरोधा निवडेन. डिलिव्हरीला दलाली नाही आणि वर्षअखेरीला कराचा हिशेब नीट मांडून मिळतो. म्युच्युअल फंड आणि शेअर एकाच अ‍ॅपवर, कमीत कमी गुंतागुंतीत हवे असतील तर ग्रोही चालेल. धनचं अ‍ॅप सतत सौदे करणाऱ्यांना आवडतं, तुम्हाला त्यातल्या निम्म्या गोष्टी लागणार नाहीत. हे दर बदलत असतात. एंजल वनकडे डिलिव्हरी कित्येक वर्षं फुकट होती, नोव्हेंबर २०२४ पासून तिला दलाली लागू झाली. म्हणून खातं काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरचं दरपत्रक स्वतः उघडून वाचा. भाच्याने सांगितलेलं नको आणि माझंही नको.

आता ऑप्शन. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रातला खरा धोका इथे आहे.

निफ्टीचा एक लॉट, म्हणजे सौद्याचा ठरलेला किमान गट, सध्या ६५चा आहे. तुम्ही १०० रुपये प्रीमियमचा (ही ऑप्शनची किंमत) एक कॉल, म्हणजे भाव वाढेल या अंदाजावरचा ऑप्शन, घेतला, म्हणजे ६,५०० रुपये घातले. तो १०४ला विकला. भाव चार रुपयांनी वाढला, म्हणजे हातात २६० रुपये आले असं वाटतं. आता खर्च मोजा. दोन ऑर्डरींची दलाली ४० रुपये. एक्स्चेंजचे लाखाच्या प्रीमियमला साधारण ३५ रुपये, म्हणजे इथे पावणेपाचच्या आसपास. या दोन्हींवर जीएसटी, आठ रुपये. विक्रीच्या प्रीमियमवर एसटीटी. तो १ ऑक्टोबर २०२४ला ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला आणि १ एप्रिल २०२६ पासून ०.१५ टक्का आहे, म्हणजे इथे दहा रुपये. मुद्रांक शुल्काचे काही पैसे. सगळे मिळून ६३ रुपये. २६० मधले ६३ गेले, जवळजवळ पाव नफा. आणि भाव जिथल्या तिथे राहिला असता तरी ६३ गेलेच असते.

असे दिवसाला चार फेरे आणि महिन्याला वीस दिवस धरा. महिन्याला पाच हजारांच्या वर, वर्षाला साठ हजार. तीन लाख भांडवल असेल तर त्यातला पाचवा हिस्सा वर्षभरात नुसत्या खर्चात जातो, सौदे बरोबर आले की चूक हा प्रश्न नंतरचा. दहा रुपयांत ऑर्डर देणारा ब्रोकर शोधलात तर फेऱ्यामागे २३-२४ रुपये वाचतील, पण उरलेले चाळीस जाणारच. त्यातला एसटीटी आणि एक्स्चेंजचा भाग कोणत्याही ब्रोकरच्या हातात नाही. पूर्वी मोठ्या ब्रोकरांना उलाढालीनुसार एक्स्चेंजकडून सूट मिळायची आणि ती त्यांच्या खिशात राहायची. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर लावायला लावला. त्यामुळे या बाबतीत एक ब्रोकर दुसऱ्यापेक्षा स्वस्त पडू शकत नाही.

"खर्चापुरते सहज सुटतात" या वाक्याबद्दल सेबीचे आकडे बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून जास्त सामान्य लोकांनी फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये सौदे केले. त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा खर्च धरून माणशी सुमारे दोन लाख. खर्च वजा जाता लाखाहून जास्त कमावणारे जेमतेम १ टक्का. या लोकांनी तीन वर्षांत केवळ खर्चापोटी ५० हजार कोटींच्या आसपास भरले आणि त्यातली निम्मी दलाली होती. नियम कडक झाल्यावर काही सुधारलं का? २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर गेला. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळा आहे. सलग दोन वर्षं तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोक तिसऱ्या वर्षीही सौदे करतच राहिले. तुम्ही त्या रांगेत उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि वेळेचं काय? बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. तुमच्या दुकानाचीही तीच वेळ. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, मंगळवारी असते, सेन्सेक्सची गुरुवारी. त्या दिवशी दुपारनंतर प्रीमियम मिनिटामिनिटाला हलतो. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पालकांची रांग लागलेली असताना एका हातात पुस्तकांची यादी आणि दुसऱ्या हातात तो मोबाईल, हे होणार नाही. "स्टॉप लॉस लावून ठेवीन" असं भाचा म्हणेल, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर. एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारावर) ऑप्शनसाठी मार्केट भावाचा स्टॉप लॉस सप्टेंबर २०२१ मध्येच बंद झाला आहे. आता मर्यादा घातलेलाच स्टॉप लॉस लावता येतो. भाव ती मर्यादा ओलांडून झपकन खाली गेला तर ऑर्डर तशीच लटकते आणि तोटा वाढत राहतो.

एखाद्या कंपनीच्या शेअरवरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक अडचण आहे, ती नवख्यांना ठाऊकच नसते. ऑक्टोबर २०१९ पासून अशा सगळ्या सौद्यांची एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअरमध्ये पूर्तता होते. घेतलेला कॉल फायद्यात असताना विसरून राहिला तर पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात. काही हजारांच्या प्रीमियममागे कित्येक लाखांची रक्कम उभी करायची वेळ येते. शेवटच्या काही दिवसांत ब्रोकर मार्जिन, म्हणजे आगाऊ ठेवायची रक्कम, वाढवत नेतात ते यासाठीच. पूर्ततेवरची दलालीही वीस रुपये नसते, ती पूर्ण मूल्याच्या टक्केवारीत असते. दरपत्रकात ती ओळ बरीच खाली असते. ती शोधून वाचा. तिच्याच आसपास आपोआप सौदा बंद केल्याचे आणि फोनवरून ऑर्डर दिल्याचे आकारही सापडतील. काही ठिकाणी ते ऑर्डरमागे ५० रुपये आणि वर जीएसटी इतके आहेत. तुम्हाला फोनवर सौदा करायची सवय आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तरीही ऑप्शन शिकायचेच असतील तर मी अडवणार नाही. पण खातं काढताना एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) विभाग सुरू करू नका. तो सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. तो मागितला तर "आत्ता नको" म्हणा. सहा महिने सौदे फक्त वहीत लिहा, प्रत्येक फेऱ्याला ६३ रुपये खर्च धरून. मग ठरवा.

भाच्याने तुमच्या खात्यात सौदे करण्याबद्दल मला ठाम सांगायचं आहे: नाही. पासवर्ड, टीपिन (शेअर विकायला संमती देण्याचा पिन), ओटीपी यांतलं काहीही कुणाला द्यायचं नाही, घरच्या माणसालाही नाही. तुमच्या खात्यातून झालेला प्रत्येक सौदा कायद्याने तुमचाच असतो. तोटा तुमचा, कर तुमचा, आणि उद्या तक्रार करायची वेळ आली तर ओटीपी तुम्हीच दिला होता हे पहिलं विचारलं जाईल. दुसऱ्याचे पैसे मोबदला घेऊन सांभाळायचे तर सेबीची नोंदणी लागते. त्याचा हेतू चांगला असेल, मला त्याबद्दल शंका नाही. त्याला दुखवायचं नसेल तर एवढंच म्हणा, "मागच्या दोन पूर्ण आर्थिक वर्षांचा तुझा टॅक्स पी अँड एल, म्हणजे करासाठीचा नफा-तोट्याचा हिशेब, ब्रोकरकडून डाउनलोड करून मला दाखव, सगळा खर्च वजा करून." एखाद्या चांगल्या दिवसाचा स्क्रीनशॉट नको. पूर्ण वर्षाचा कागद पाहिल्यावर तुम्हा दोघांचंही बोलणं वेगळं होईल.

मुलीच्या फीचे तीन लाख पुन्हा ठेवीत ठेवा, फी भरायच्या महिन्याला मुदत संपेल अशा हिशेबाने. दोन वर्षांच्या पैशाला शेअरही नकोत. उरलेल्या तीन लाखांचे शेअर घ्या, एकदम नको, वर्षभरात थोडेथोडे. रिकामी रक्कम ब्रोकरकडे पाडून ठेवू नका. तिथे तिच्यावर व्याज मिळत नाही. महिन्याच्या किंवा तिमाहीच्या ठरलेल्या दिवशी पडून असलेले पैसे ब्रोकरने तुमच्या बँकेत परत करायचे असतात. अचानक पैसे जमा झाले म्हणून घाबरू नका.

आता करांचं. तुमचे चार्टर्ड अकाउंटंट दुकानाचं विवरणपत्र बहुधा सोप्या, अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने भरत असतील. ऑप्शनचा नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो. तिथला तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर आयटीआर-३ हा वेगळा विवरणपत्राचा फॉर्म भरावा लागतो, तोही मुदतीत. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा नफाही तो सोपा फॉर्म बदलायला लावतो. पहिला सौदा करण्याआधी त्यांना एक फोन करा. वर्षाच्या फीत त्यांचा काय फरक पडेल तेही विचारा. हा खर्च कोणत्याही ब्रोकरच्या दरपत्रकात नसतो.

सुरक्षिततेबद्दल थोडं. तुमचे शेअर अ‍ॅपमध्ये नसतात, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडे तुमच्या नावावर असतात. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर गहाण ठेवून पैसे उचलल्याचं उघड झालं आणि त्यानंतर सेबीने नियम कडक केले. ब्रोकरला द्यायच्या जुन्या मुखत्यारपत्राची जागा आता डीडीपीआय नावाच्या मर्यादित अधिकारपत्राने घेतली आहे. ते द्यायलाच हवं असं नाही. न दिल्यास विकताना दर वेळी टीपिन टाकून संमती द्यावी लागते. तुम्ही वर्षातून चारदा विकणार, तर टीपिनच ठेवा. डिपॉझिटरीचा एसएमएस आणि दर महिन्याचं विवरण वाचत जा. एनएसईच्या संकेतस्थळावर प्रत्येक ब्रोकरविरुद्ध किती तक्रारी आल्या ते मिळतं, खातं काढण्याआधी तेही बघा. अ‍ॅप फक्त अधिकृत ठिकाणाहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "व्हीआयपी ट्रेडिंग" गटात घेऊन वेगळं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितलं तर ती फसवणूक आहे. पुण्यातल्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारी सतत येत असतात आणि फसणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोक असतात. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० वर फोन करायचा, थांबायचं नाही.

आणि लक्ष्मी रोडचे ते ब्रोकर. त्यांची शेकडा ५० पैसे दलाली आजच्या दरांत फार आहे, पण ती नुसती फोनची नव्हती. पुण्याला एकेकाळी कुमठेकर रस्त्यावर स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं. २०१५ मध्ये ते बंद झालं. त्या काळात तयार झालेली ही माणसं सही जुळत नाही, नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, वारसाचे कागद अपुरे आहेत, अशा कामांत मुरलेली असतात. डिस्काउंट ब्रोकरकडे अशा वेळी अ‍ॅपवर तक्रार नोंदवून ई-मेलची वाट बघावी लागते. म्हणून खातं बंद करण्याआधी घरातलं कपाट तपासा. सासऱ्यांच्या नावाची जुनी कागदी शेअर प्रमाणपत्रं निघाली तर ती वारसांच्या नावावर करून डिमॅटमध्ये आणायचं काम आधी त्यांच्याकडूनच करून घ्या. त्या कामाचे त्यांनी पैसे मागितले तर द्या, ते योग्यच आहे.

त्यानंतर नव्या ब्रोकरकडून क्लायंट मास्टर रिपोर्ट (नव्या डिमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद) घ्या आणि जुन्या ठिकाणी खातं बंद करून शेअर हलवण्याचा फॉर्म तो जोडून द्या. दोन्ही खात्यांतली नावं, सहखातेदार असतील तर त्यांचा क्रमसुद्धा, तंतोतंत सारखी हवीत. अशा बदलीला शुल्क लागत नाही आणि शेअर विकावे लागत नसल्यामुळे करही लागत नाही. जुने शेअर कधी आणि किती किमतीला घेतले ते नव्या अ‍ॅपला कळत नाही, ते तुम्हाला भरावं लागेल. त्यामुळे खातं बंद व्हायच्या आत लक्ष्मी रोडवरून सगळ्या वर्षांचे कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांच्या पावत्या) आणि खातेउतारे मागून घ्या.